मोनिकेचा अनुत्तरित प्रश्न

२७ ऑगस्ट हा संत मोनिकेच्या स्मरणाचा दिवस जवळ आला, की आम्हां धर्मगुरूंच्या मनात एक प्रवचन आपोआप तयार होऊ लागते. त्याचा साचा ठरून गेला आहे. मुलगा वाट चुकला, आई रडली, तिने वर्षानुवर्षे प्रार्थना केली, मुलगा परत आला, एवढेच नव्हे तर संत झाला. शेवटी मातांना उद्देशून दोन शब्द : धीर सोडू नका, मोनिकेसारख्या प्रार्थना करीत राहा. हे प्रवचन खोटे नाही. आम्ही ते पंधरा वर्षे केले आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींचे डोळे पाणावलेलेही पाहिले आहेत.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका लहानशा धर्मग्रामात ह्याच दिवशी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो. साठीच्या पलीकडची एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. तिचा थोरला मुलगा बेंगळुरूला कारखान्यात, धाकटा आखातात, मुलगी लग्न होऊन वडोदऱ्याला. ती म्हणाली, "फादर, मोनिकेचा मुलगा बिघडला होता. माझी मुलं चांगली आहेत. चर्चला जातात, दरमहा पैसे पाठवतात, रविवारी फोनवर तोंड दाखवतात. मग मी कशासाठी रडू? आणि रडायचं नाही तर करायचं काय, ते सांगा. दोन माणसांच्या भाकऱ्या भाजल्या की माझा दिवस संपतो."

आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही. तिचे समाधान झाले नाही, एवढे मात्र आठवते. त्यानंतर आम्ही संत ऑगस्टीनचा 'कन्फेशन्स' हा ग्रंथ पुन्हा उघडला, आणि नवव्या भागात एका जागी थबकलो. मृत्यूच्या काही दिवस आधी मोनिकेनेही मुलासमोर जवळजवळ हाच प्रश्न ठेवला होता. आणि आपण त्यावर काय बोललो ते नीटसे आठवत नाही, अशी कबुली ऑगस्टीन स्वतः देतो. सोळाशे वर्षांहून अधिक काळ तो प्रश्न त्या ग्रंथात अनुत्तरित पडून आहे.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाच्या उजेडात मोनिकेच्या चित्राचे पुनर्वाचन करण्याचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रवचनकारांनी मोनिकेचे अश्रू उचलले आणि तिचे काम मागे ठेवले. ऑगस्टीनने मात्र दोन्ही लिहून ठेवले आहे. मुलाने जे उत्तर शब्दांत दिले नाही, ते आईच्या दिनक्रमात, तिने सोडलेल्या व धरलेल्या गोष्टींत विखुरलेले आहे.

ग्रंथ आणि त्याची मर्यादा

'कन्फेशन्स' ३९७ च्या सुमारास लिहावयास घेतला गेला. तेव्हा ऑगस्टीन चाळिशीत होता, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचा बिशप होता आणि आई जाऊन दहा वर्षे झाली होती. ग्रंथाच्या लॅटिन नावात दोन अर्थ एकत्र नांदतात : पापाची कबुली आणि देवाची स्तुती. म्हणजे हे मोनिकेचे चरित्र नव्हे; एका पुत्राने देवापुढे केलेल्या निवेदनात आईची आठवण येते, इतकेच. ही मर्यादा ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोटाळा झाला आहे.

एक उदाहरण पुरे. मोनिकेस ऑगस्टीनखेरीज आणखी अपत्ये होती. नाविगियस नावाचा भाऊ तिच्या मृत्यूशय्येपाशी हजर होता. परंतु 'कन्फेशन्स'मध्ये त्याचे नाव येत नाही, ते ऑगस्टीनच्या दुसऱ्या एका ग्रंथातून कळते. बहिणीचा तर ह्या ग्रंथात उल्लेखच नाही. ती विधवा झाल्यावर व्रतस्थ स्त्रियांच्या एका समूहाची प्रमुख होती, हे आपणांस चरित्रकार पोसिदियसमुळे ठाऊक आहे. निदान तीन मुलांची आई ह्या ग्रंथात एकाच मुलाची आई म्हणून वावरते. पुत्राच्या निवेदनात ते स्वाभाविक आहे. परंतु आम्ही प्रवचनकारांनी ग्रंथाची ही मर्यादा उचलून तिलाच मोनिकेचे संपूर्ण रूप मानले. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ख्रिस्ती मातांचे संघ निघाले, त्यांनी मोनिकेला आपली आश्रयदात्री मानले, आणि 'अश्रूंची माता' ही तिची प्रतिमा अधिकच पक्की झाली.

परंतु परंपरेला मोनिकेचे दुसरे रूपही ठाऊक होते. त्याची साक्ष आपल्याला दूर शोधावी लागत नाही. जुन्या गोव्यात १६०६ साली आर्चबिशप मेनेझिस ह्यांनी, जे स्वतः ऑगस्टीनच्या संघाचे होते, व्रतस्थ स्त्रियांसाठी मठाचा पाया घातला. त्या मठाला नाव दिले ते सांता मोनिका. आज त्या वास्तूत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल, की प्रार्थनेसाठी एकत्र राहणाऱ्या स्त्रियांना एका संसारी स्त्रीचे नाव का द्यावेसे वाटले. ज्यांनी ते दिले त्यांना मोनिका केवळ कोणाची तरी आई म्हणून दिसत नव्हती.

कार्थेज : नेहमीच्या कामांकडे

३८३ साली ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. आई किनाऱ्यापर्यंत मागे आली. एक तर परत चल, नाही तर मला बरोबर ने, असा तिचा हट्ट होता. मुलगा खोटे बोलला. एका मित्राला निरोप द्यावयाचा आहे, अनुकूल वारा सुटेपर्यंत थांबतो, असे त्याने सांगितले. बंदराजवळ संत सिप्रियानचे स्मारकस्थान होते. तेथे ती रात्रभर प्रार्थना करीत राहिली आणि त्याच रात्री जहाज निघून गेले. सकाळी किनारा मोकळा होता.

प्रवचनांत ह्या प्रसंगाचा शोकरस पुरेपूर वापरला जातो. ऑगस्टीन त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगतो, त्या गळतात. पहिली अशी की, आईच्या मायेतला देहाचा ओढा त्या दुःखाने शासन पावत होता, असे तो स्पष्ट लिहितो. मुलगा जवळ असावा, डोळ्यांसमोर असावा, ही सर्व आयांची ओढ. तिच्यात ती इतरांहून अधिक होती. आम्ही मोनिकेला निर्दोष करून टाकतो. तिचा मुलगा तसे करीत नाही. ज्या देवाने तिची प्रार्थना पुढे ऐकली, त्यानेच त्या रात्रीची तिची विनंती नाकारली, हे तो लपवीत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रडून झाल्यावर मोनिका काय करते? ती पुन्हा प्रार्थनेकडे वळते आणि आपल्या नेहमीच्या कामांकडे परतते. ऑगस्टीन हे दोन-तीन शब्दांत उरकतो. परंतु पुढल्याच प्रकरणात तो ती नेहमीची कामे सांगून टाकतो. ती दानधर्म करी. देवाच्या सेवकांची सेवा करी. वेदीवरील अर्पणावाचून तिचा एक दिवस जात नसे. सकाळी व सायंकाळी, दोन वेळा, ती मंदिरात जाई. आणि तेथे जाऊन रिकाम्या गप्पा मारीत नसे, तर देवाचे ऐकण्यासाठी व आपले त्याला ऐकविण्यासाठी जाई.

हे वर्णन वाचून आम्हांस आमच्याच प्रवचनाची लाज वाटली. पती निवर्तून बारा वर्षे झाली आहेत, मुलगा फसवून निघून गेला आहे. अशा घरातून एक स्त्री दिवसातून दोनदा बाहेर पडते आणि तिच्या हाती काम असते. मुलगा गेल्याने ते सुरू झाले नाही, आणि मुलगा गेला म्हणून ते थांबलेही नाही. ज्याला आज आपण प्रापंचिकांचे सेवाकार्य म्हणतो, ते तिच्या मातृत्वाच्या शेजारी पूर्वीपासून उभे होते. आईपण ओसरले तेव्हा तिच्या पायाखाली जमीन होती.

मिलान : परडी आणि द्वारपाल

मोनिका मुलामागोमाग मिलानला आली. वाटेत समुद्र खवळला, तेव्हा प्रवाशांना धीर देण्याची ज्यांची रीत, त्या खलाशांनाच तिने धीर दिला. हे ऑगस्टीन सहज सांगून जातो. तिचे लक्ष मुलाकडे लागलेले होते, तरी शेजारच्या घाबरलेल्या माणसाकडे तिचे दुर्लक्ष झाले नाही.

मिलानमधील एक प्रसंग, आमच्या मते, मुलांकडे राहावयास गेलेल्या प्रत्येक वृद्ध आईबापांसाठी लिहिला गेला आहे. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे मोनिका हुतात्म्यांच्या स्थानी पेज, पाव आणि द्राक्षारस परडीत घेऊन गेली. द्वारपालाने तिला अडविले. बिशप अँब्रोजने हा प्रकार बंद केला होता. एक तर अशा निमित्ताने मद्यपानाला वाव मिळे, आणि दुसरे, मृतांसाठी अन्न ठेवण्याच्या अख्रिस्ती चालीशी त्याचे फार साम्य होते. जन्मभर श्रद्धेने केलेली गोष्ट परक्या शहरात चुकीची ठरली. तिने वाद घातला नाही. परडी खाली ठेवली. हुतात्म्यांच्या स्थानी प्रार्थना घेऊन जाऊ लागली आणि जे अन्न ती तेथे वाहत असे, ते शक्य तेवढे गरिबांना देऊ लागली. ऑगस्टीन येथे एक बारीक शेरा मारतो : मनाई अँब्रोजऐवजी दुसऱ्या कोणी केली असती, तर कदाचित ती इतक्या सहज वळली नसती. मुलाच्या उद्धारासाठी अँब्रोजचा उपयोग होत आहे, म्हणून तिला त्याचा आदर होता. मोनिका माणूसच होती, आणि ह्या शेऱ्यामुळे ती आम्हांस अधिक खरी वाटते.

शनिवारच्या उपवासाचेही तसेच. तिच्या गावी तो पाळीत, मिलानला पाळीत नसत. तिला पेच पडला आणि मुलाने अँब्रोजला विचारून उत्तर आणले : ज्या ठिकाणच्या मंडळीत असाल, तेथली रीत पाळा. ऑगस्टीनने हे आपल्या एका पत्रात नमूद केले आहे. हैदराबादला किंवा इंदूरला मुलाच्या घरी गेलेली आई, तेथील मिस्सा वेगळ्या भाषेत, गीते अनोळखी, शेजारी परके असे पाहून जेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहते, तेव्हा तिला हा प्रसंग सांगणारा कोणी हवा.

३८६ साली सम्राटमाता जुस्टिनेच्या अमदानीत मिलानच्या मंदिरावर संकट आले. लोक बिशपबरोबर मरावयास सिद्ध होऊन मंदिरात जागत राहिले. त्या जागरणात मोनिका आघाडीवर होती. त्याच वेळी, लोकांनी दुःखाने खचून जाऊ नये म्हणून, पूर्वेकडील पद्धतीप्रमाणे सर्वांनी मिळून स्तोत्रे गाण्याची चाल तेथे सुरू झाली. ऑगस्टीन कबूल करतो, की तोवर आपल्या अंतःकरणाला ऊब लागली नव्हती. मुलगा अजून दूर होता, आणि आई आपल्या मंडळीच्या संकटात उभी होती.

ह्याच मिलानमध्ये मोनिकेचे चुकलेही. मुलाचे मानाचे लग्न जमावे म्हणून तिने खटपट केली. अनेक वर्षे त्याच्याबरोबर राहिलेल्या, त्याच्या मुलाची आई असलेल्या स्त्रीला आफ्रिकेला परत धाडण्यात आले, आणि जिच्याशी लग्न ठरले ती मुलगी लग्नाच्या वयाला दोन वर्षे कमी होती. परत गेलेल्या त्या स्त्रीचे नावही इतिहासाला ठाऊक नाही. ऑगस्टीन तिच्या वियोगाने आपले हृदय फाटल्याचे लिहितो. आईला थेट दोष देत नाही. आम्हांस मात्र येथे थांबून बोलणे भाग आहे. मुलांच्या संसाराची सूत्रे हाती ठेवणे म्हणजेच आपले कर्तव्य, असे मानणारी मोनिका ही अनुकरणीय मोनिका नव्हे. रिकामे झालेले हात दुसऱ्याच्या घरात घालणे आणि सेवेसाठी पुढे करणे, ह्यांत महदंतर आहे. एकाच स्त्रीच्या एकाच शहरातील वास्तव्यात ही दोन्ही रूपे सापडतात, हा ह्या ग्रंथाचा प्रामाणिकपणा.

कॅसिसियाकम : दुसऱ्यांची मुले

३८६ च्या शरद ऋतूत, हृदयपरिवर्तनानंतर, ऑगस्टीन मित्रांसह कॅसिसियाकम येथील एका मळ्यावर जाऊन राहिला. बरोबर त्याचा मुलगा, भाऊ, दोन चुलत-मावस भावंडे आणि लिसेंशियस व त्रिगेशियस हे तरुण विद्यार्थी होते. मोनिका त्या सर्वांची व्यवस्था पाहत असे. 'कन्फेशन्स'मध्ये तिच्या सेवेविषयी जे लिहिले आहे त्याचा भाव असा : तिने सर्वांची काळजी अशी वाहिली, की जणू सगळी तिचीच लेकरे, आणि सेवा अशी केली, की जणू ती त्या सर्वांची लेक. ह्यातील पहिला अर्धा भाग आमच्या मातांना सहज साधतो. दुसरा अवघड आहे. मोठेपण सोडून, आपल्यापेक्षा लहानांच्या घरात लेकीच्या नात्याने वावरणे, ह्यासाठी निराळी विनम्रता लागते.

परंतु ती केवळ स्वयंपाकघरात नव्हती. त्या मुक्कामातील संभाषणे ऑगस्टीनने 'सुखी जीवनाविषयी' आणि 'व्यवस्थेविषयी' ह्या दोन ग्रंथांत नोंदली आहेत. त्यांत मोनिका बोलते. ऑगस्टीनच्या वाढदिवशी, १३ नोव्हेंबरला, सुख म्हणजे काय, ह्यावर तीन दिवसांची चर्चा सुरू झाली. हवे ते मिळाले की माणूस सुखी होतो काय, ह्या प्रश्नाला तिने असे उत्तर दिले, की चांगले हवेसे वाटून ते मिळाले तर सुखी. वाईट हवेसे वाटून मिळाले तर दुःखीच. ह्यावर तिने तत्त्वज्ञानाचा गडच सर केला, अशी मुलाने तिची वाखाणणी केली. दुसऱ्या ग्रंथात, बायकांना अशा चर्चेत घेतल्याचे कधी ऐकले आहे काय, असे ती स्वतःच विचारते. आणि मुलगा तिचे शब्द लिहून घ्यावयास लावतो. तिने लॅटिन शास्त्रे अभ्यासली नव्हती. तिच्यापाशी होते ते आयुष्यभराच्या उपासनेतून आलेले शहाणपण. तरुणांच्या शिक्षणात त्या शहाणपणाला जागा देण्याचे श्रेय ऑगस्टीनचे.

आज आमच्या धर्मग्रामांत बाहेरगावचे विद्यार्थी खोल्या घेऊन राहतात. कामासाठी दूरवरून आलेली तरुण कुटुंबे असतात. स्नानसंस्काराची तयारी करणारे प्रौढ असतात. आमची मुले बेंगळुरूला गेली तशी कोणाची तरी मुले आमच्या गावी आली आहेत. एका बाजूला मुलांविना घरे आणि दुसऱ्या बाजूला घराविना मुले, अशी स्थिती असताना त्या दोघांची गाठ घालून देण्याचे काम धर्मगुरू व धर्मशिक्षक ह्यांच्याखेरीज कोण करणार?

ऑस्तिया : प्रश्न आणि थडगे

३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या रात्री अँब्रोजच्या हस्ते ऑगस्टीनचा स्नानसंस्कार झाला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतण्यासाठी मंडळी रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात थांबली. बागेकडे उघडणाऱ्या एका खिडकीशी टेकून आई व मुलगा दोघेच बोलत होते. सृष्टीच्या एकेक पायरीवरून वर चढत ते संभाषण शाश्वत जीवनापर्यंत पोहोचले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर मोनिका जे बोलली त्याचा आशय असा की, ह्या जगातील कशातही आता तिला गोडी उरली नाही. एका गोष्टीसाठी जगावेसे वाटत होते, ती देवाने मागितल्याहून अधिक पुरी केली. मग ती अजून येथे कशासाठी आहे, ते तिला कळत नाही.

हा निराशेचा उद्गार नव्हे, आणि केवळ स्वर्गाची ओढही नव्हे. ज्या हेतूभोवती आयुष्य बांधले, तो पुरा झाल्यावर येणारी ही शांत पोकळी आहे. खानापूरकडील त्या बाईची पोकळी हीच. मुले बिघडली म्हणून नव्हे, मुले मार्गी लागली म्हणून ती आली. अपयशाने खचलेल्यांसाठी आपल्याकडे पुष्कळ प्रवचने आहेत. यशाने रिकाम्या झालेल्यांसाठी नाहीत.

ऑगस्टीनला आपले उत्तर आठवत नाही. वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून नावाजलेल्या माणसाने ही विस्मृती लपविली नाही, ह्याचे आम्हांस महत्त्व वाटते. सुमारे पाच दिवसांनी तिला ताप आला. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, ती गेली.

परंतु त्या थोड्या दिवसांत तिने स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले, असे आमचे वाचन आहे. पतीशेजारी आपले थडगे असावे, ही तिची जुनी आस होती; त्यासाठी तिने जागा तयार ठेवली होती. ती आस तिने सोडली. देह कोठेही ठेवा, त्याची चिंता नको. जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. इतक्या दूर देह ठेवण्याची भीती वाटत नाही काय, असे कोणी विचारले तेव्हा देवापासून काहीच दूर नाही, अशा अर्थाचे ती बोलली. कार्थेजच्या किनाऱ्यावर अंतराने जिचा प्राण कासावीस झाला होता, तिला चार वर्षांनी अंतराचे भय उरले नाही. मुलगा, परडी, आणि शेवटी थडगे : एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत गेली आणि प्रत्येक वेळी तिच्या सेवेचा परीघ वाढत गेला. वेदी मात्र आरंभापासून अखेरपर्यंत तीच राहिली.

ऑगस्टीनने हा क्रम जाणूनबुजून रचला, असा आमचा दावा नाही. तो आठवणी सांगत होता. परंतु आठवणीत जे टिकले त्याचा क्रम हा आहे, आणि वाचकाने तो पाहावा.

जे सांगू नये

ह्याच नवव्या भागात काही मजकूर असा आहे, की तो आज व्यासपीठावरून आदर्श म्हणून सांगणे आम्हांस अयोग्य वाटते. नवऱ्याच्या माराच्या खुणा अंगावर घेऊन येणाऱ्या मैत्रिणींना मोनिका विवाहपत्राची आठवण देते आणि स्वतःस दासी समजून गप्प राहण्याचा सल्ला देते. त्या काळच्या घरांतील क्रौर्यात जीव वाचविण्याची ती एक युक्ती असेल. ख्रिस्ती विवाहाची शिकवण ती नव्हे. त्याच पानांवर तिचा एक गुण येतो तो मात्र प्रत्येक धर्मग्रामाला हवा आहे : भांडलेल्या दोन स्त्रियांचे कडू बोल तिच्या कानी पडत, पण एकीचे दुसरीला ती तेवढेच सांगे, जेवढ्याने समेट होईल. समीक्षकाने निवड करावी. संताच्या नावाखाली सर्व काही पूज्य करू नये.

आम्हां धर्मगुरूंपुढील प्रश्न

प्रारंभीच्या मंडळीपाशी ह्या प्रश्नाचे उत्तर होते. पौलाच्या तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, साठ वर्षांवरील विधवांची नोंद करण्याची सूचना आहे. आणि पात्रता म्हणून मुलांचे संगोपन, पाहुणचार, पवित्र जनांचे पाय धुणे, संकटग्रस्तांना साहाय्य ही कामे सांगितली आहेत. मुले वाढविणे ही त्या यादीतील पहिली बाब आहे, शेवटची नव्हे. त्यानंतरही यादी चालू राहते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी १९६५ साली जो आदेश काढला, त्याचा पाया असा की हे कार्य स्नानसंस्कार व दृढीकरण ह्यांतून येते. ते आईबाप असण्यावर अवलंबून नाही. म्हणून मुले दूर गेल्याने ते संपतही नाही. १९७३ पासून प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसाद वाटपाचे साहाय्यक होता येते. २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्ध ह्यांचा जागतिक दिनही पाळला जातो. अनुज्ञा आहे, दिवस आहे. आम्ही त्याचे काय करतो? बहुतेक ठिकाणी सत्काराची शाल, नारळ आणि अल्पोपाहार. उरलेले वर्षभर ह्या माणसांना फुलांची सजावट व सणाच्या जेवणाची मांडणी इतकेच काम सांगितले जाते. वेळ घालविण्याचे साधन आणि सेवाकार्य ह्यांतील भेद त्यांना कळतो, आणि ते मुकाट्याने बाजूला होतात.

निवृत्त झालेल्या वडिलांचेही हेच आहे. मोनिकेचे नाव पुढे केल्याने हा केवळ मातांचा प्रश्न असा समज होतो. परंतु कचेरी व मुले दोन्ही एका वर्षात सुटलेला पुरुष अधिकच गोंधळलेला आम्ही पाहिला आहे. आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणे, प्रौढ दीक्षार्थ्यांच्या वर्गात धर्मशिक्षकाशेजारी बसणे, कोर्टकचेरीत अडलेल्या शेजाऱ्याबरोबर जाणे, परगावच्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा जेवू घालणे : ही कामे शिकवून, नेमून आणि वेदीसमोर सोपवून द्यावयास हवीत. 'काही मदत लागली तर सांगू' हे वाक्य म्हणजे सोपविणे नव्हे.

आणि कामाआधी खिडकी. ऑस्तियाला त्या दिवशी मोनिकेला कोणी काम दिले नव्हते. एका माणसाने तिच्याशी सवडीने संभाषण केले होते. घरभेटीत आम्ही किती वेळ बसतो, घड्याळाकडे किती वेळा पाहतो, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावे.

त्या बाईकडे आम्ही पुढे पुन्हा गेलो होतो. दार लावलेले होते. शेजाऱ्यांनी सांगितले, की दोन घरांपलीकडे एक म्हातारा अंथरुणाला खिळला आहे, रोज दुपारी ती त्याला शुभवर्तमान वाचून दाखविते आणि येताना त्याच्या सुनेचे धुणे वाळत घालून येते. हे तिला आम्ही सांगितले नव्हते. कोणीच सांगितले नव्हते. आम्ही उंबऱ्यावर बसून तिची वाट पाहिली.

येत्या २७ ऑगस्टला अश्रूंविषयी अवश्य बोलावे. परंतु द्वारपालाने अडविलेली परडीही सांगावी, आणि सकाळ-सायंकाळच्या त्या दोन फेऱ्याही.